विश्लेषण : दादासाहेब फाळकेंनी सरकारी नोकरी सिनेमासाठी सोडली होती का?

एप्रिल संपत आला, की मोबाइलवर एक रील हमखास फिरू लागते. जुन्या कृष्णधवल फोटोवर हळूहळू पुढे सरकणारा कॅमेरा, मागे बासरी आणि मजकूर साधारण असा, की दादासाहेब फाळकेंनी पक्की सरकारी नोकरी सोडली, सिनेमा काढला आणि इतिहास घडवला. यातले काहीच खोटे नाही. मात्र नोकरी सोडणे आणि सिनेमा पडद्यावर येणे, यांच्यामध्ये सात वर्षे आहेत आणि ती रीलमध्ये मावत नाहीत. नोकरीचा राजीनामा दिला तेव्हा फाळकेंच्या डोक्यात सिनेमा नव्हताच. तो आला तेव्हा त्यांच्याकडे सोडायला नोकरीही उरली नव्हती. मग या सात वर्षांत नेमके काय झाले आणि त्याचा खर्च कोणी उचलला?

नोकरी कोणती होती?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, शिल्पातील ओतकाम, वास्तुकला, छायाचित्रण असे जे जे शिकता आले ते ते त्यांनी शिकून घेतले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी तयार केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदकही मिळाले.

पुढची दहा वर्षे मात्र आजच्या भाषेत सांगायचे तर एचआरवाल्यांच्या कपाळाला आठ्या पाडणारी आहेत. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले. स्टुडिओ बंद झाला. पुढे रतलामला तीनरंगी ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकले. जादूचे प्रयोग शिकले आणि आडनावातील अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते करूनही दाखवले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. १९०२ मध्ये गिरिजा करंदीकर यांच्याशी दुसरा विवाह झाला. लग्नानंतर त्या सरस्वती झाल्या. या नावाकडे लक्ष असू द्या, कारण रीलमध्ये ते नसते.

१९०३ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी फाळकेंना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. प्राचीन वास्तूंचे फोटो काढायचे, त्यांची मोजमापांसह रेखाटने करायची. आतापर्यंत शिकलेल्या दोन-तीन विद्या एकाच टेबलावर उपयोगी पडाव्यात अशी ही जागा होती. ठरलेल्या तारखेचा पगार होता आणि सरकारी खात्याची प्रतिष्ठाही होती.

मग ती सोडली का?

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. स्वदेशीची चळवळ महाराष्ट्रातही पेटली. इंग्रज सरकारची चाकरी करत स्वदेशी मानायचे कसे, हा प्रश्न त्या काळातील अनेक नोकरदारांपुढे होता. बहुतेकांनी तो मनातच ठेवला. फाळकेंनी १९०६ मध्ये राजीनामा दिला आणि लोणावळ्यात छापखाना काढला. नाव होते ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’. राजा रविवर्मांच्या नावाने चालणाऱ्या छापखान्यासाठी ते काम करत. देवादिकांची रंगीत चित्रे तेव्हा घरोघरी भिंतींवर लागत होती आणि ती छापण्याचे तंत्र फाळकेंच्या हातात होते.

थोडक्यात, सरकारी नोकरी त्यांनी सोडली ती सिनेमासाठी नव्हे, छापखान्यासाठी. हे त्यांचे पहिले स्वप्न म्हणता येईल आणि ते चाललेही. १९०८ मध्ये भागीदार मिळाला, छापखाना दादरला आला, त्याचे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणि तंत्र पाहण्यासाठी फाळके जर्मनीलाही जाऊन आले. कामाला नाव मिळाले. पण भागीदारांशी खटके उडू लागले आणि एक दिवस फाळके त्यातूनही बाहेर पडले. हिशेबाचा पैसा न घेता बाहेर पडले.

रील बनवणाऱ्यांनी खरे तर हा राजीनामा उचलायला हवा. पहिला दिला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि हातात चालणारा हुन्नर होता. दुसऱ्या वेळी वय चाळीस, घरात लहान मुले, बाजारात भांडखोर माणूस अशी कुजबुज आणि पुढे काय करायचे ते माहीत नाही. (अस्मादिकांनी इंजिनीअरिंगची पदवी, सॉफ्टवेअरची नोकरी आणि नोटीस पीरियड असे सगळे रीतसर पार पाडून बातम्यांच्या डेस्कवर उडी मारली. पण पुढच्या नोकरीचे ऑफर लेटर खिशात असताना. त्यामुळे फाळकेंच्या पंगतीला बसण्याचा आमचा काही हक्क नाही.)

सिनेमा कुठून आला?

१९१०-११ च्या सुमारास गिरगाव परिसरातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि त्यांना राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यानंतर ते सरस्वतीबाईंना घेऊन तोच खेळ पुन्हा पाहायला गेले, हे त्याहून महत्त्वाचे वाटते. आपल्याला जे वेड लागले आहे ते घरच्या माणसाला आधी दाखवावे, असे त्यांना वाटले.

त्यानंतरचे महिने त्यांनी शिकण्यात घालवले. मुंबईत लागेल तो चित्रपट पाहायचा, फिल्मचे तुकडे आणून भिंगाखाली धरायचे, छोटा कॅमेरा आणि रिळे मिळवून रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून पाहायची. कमाई शून्य. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात होत्या. झोप नाही आणि डोळ्यांवर सतत ताण, यामुळे त्यांची दृष्टी जवळपास गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, तसे ते पुन्हा कामाला लागले. माणूस हातचा गेला, असे मित्रांना वाटू लागले होते. त्यांना दोष देता येत नाही. आज एखाद्या मित्राने नोकरी-धंदा सोडून, घरातल्या वस्तू विकून दिवसरात्र एकाच गोष्टीत डोके घातले तर आपणही ग्रुपवर हेच बोलू.

पैसा कुठून उभा राहिला?

सिनेमा शिकायचा तर इंग्लंडला जावे लागणार होते. फाळकेंकडे जमीनजुमला नव्हता. होत्या त्या आयुर्विमा पॉलिसी. बारा हजार रुपयांच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी दहा हजारांचे कर्ज उभे केले. या व्यवहाराचा अर्थ नीट पाहायला हवा. विमा असतो तो कमावता माणूस गेला तर मागे राहणाऱ्यांसाठी. तो तारण ठेवणे म्हणजे आपल्या पश्चात बायको-मुलांच्या हाती येणारी रक्कम आजच डावावर लावणे. ही सही फाळकेंची असली, तरी जोखीम घरातल्या सगळ्यांची होती.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ओळख कोणाशीच नव्हती. ‘बायोस्कोप’ नावाच्या सिनेमाविषयक साप्ताहिकाचे ते वाचक होते, एवढाच धागा. त्या कचेरीची पाटी दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्याच्या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. पण समोरचा माणूस हटत नाही हे पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याशी गाठ घालून दिली. वॉल्टनच्या स्टुडिओत फाळकेंना चित्रीकरणापासून रसायनांपर्यंत सारे पाहायला मिळाले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा त्यांनी घेतला. फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, धुण्या-छापण्याचे साहित्य यांचीही खरेदी केली आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. दोन महिन्यांत, १ एप्रिलला ते मुंबईत परतले होते.

मटारचा वेल काय कामाचा?

परत आल्यावर पुन्हा पैशाचाच प्रश्न. चित्रपट काढायला भांडवल हवे आणि भांडवल देणाऱ्याला चित्रपट म्हणजे काय तेच माहीत नाही. फाळकेंनी कुंडीत मटारचा दाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत बी रुजण्यापासून वेल वर चढेपर्यंतची वाढ टिपली. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बीचा वेल झाला. आज याला टाइमलॅप्स म्हणतात आणि ते फोनमधल्या एका बटणाचे काम आहे. तेव्हा त्या एका मिनिटासाठी सुमारे हजार वेळा कॅमेऱ्यापाशी जाऊन एकेक फ्रेम घेणे भाग होते.

इंजिनीअरच्या नजरेने पाहिले तर हा अस्सल प्रोटोटाइप आहे. नट नको, सेट नको, कपडेपट नको, एक कुंडी पुरे. पण यंत्र चालते, फिल्म धुता येते, छापता येते आणि या माणसाला हे सारे जमते, एवढे त्यातून सिद्ध होते. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखला जाणारा हा तुकडा पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. त्याच काळात सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

सरस्वतीबाईंनी नेमके काय केले?

फाळकेंच्या चरित्रात त्यांची नोंद बहुतेक वेळा दागिने देणारी पत्नी एवढीच होते. ही नोंद फारच अपुरी आहे.

दादरच्या ज्या घरात कुटुंब राहत होते, तेच ‘राजा हरिश्चंद्र’चा कारखाना झाले. तो रस्ता आज दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जातो. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून नटांना कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे, असे सांगण्याची सूचना होती. साठ-सत्तर माणसांचा राबता असे आणि त्या सर्वांच्या जेवणाची जबाबदारी सरस्वतीबाईंवर होती. दिवसा चित्रीकरण उन्हात चाले. नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहावे लागे, तेही त्या करत. आणि रात्री, सगळे झोपल्यावर, त्यांचे खरे तांत्रिक काम सुरू होई.

त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येत असे. ही भोके नसतील तर कॅमेऱ्याच्या दात्यांना फिल्म पुढे ओढता येत नाही. ती केसभर जरी चुकीच्या जागी पडली तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. शिवाय फिल्मवर उजेड पडला की ती वाया, म्हणून हे सारे अंधारात करायचे. हिशेब करून पाहू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. प्रत्येक फ्रेमला एका कडेला चार भोके, म्हणजे दोन्ही कडांना मिळून फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. म्हणजे पडद्यावर दिसलेल्या फिल्मलाच पावणेपाच लाखांच्या घरात भोके. मूळ निगेटिव्हची तेवढीच पुन्हा. वाया गेलेली फिल्म वेगळीच. यंत्र होते, पण ते हाताने चालवायचे होते आणि अंधारात. फिल्म धुणे, रसायने मिसळणे हेही सरस्वतीबाई शिकल्या. आज चित्रपटाच्या शेवटी नावांची पाटी सरकते तशी तेव्हा सरकत असती, तर लॅबच्या रकान्यात पहिले नाव त्यांचे आले असते. कॅटरिंगच्याही.

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने हा संसार आणि कारखाना पुन्हा लोकांपुढे आणला. तो हसतखेळत जाणारा आहे. ती अंधारातली रात्रपाळी मात्र मनानेच पाहावी लागते.

तारामती कुठे सापडली?

याच चित्रपटात नोकरी सोडण्याची आणखी एक गोष्ट दडलेली आहे. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीतही विचारून झाले, तेथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारा नाजूक अंगकाठीचा तरुण फाळकेंच्या नजरेत भरला. नाव अण्णा साळुंके. पगार महिना १० रुपये. फाळकेंनी १५ देऊ केले आणि तारामती मिळाली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र.

साळुंकेंनी हे पाच रुपये वाढतात म्हणून केले असेल. एका लहरी माणसाच्या भरवशावर भटारखान्यातली रोजची चूल सोडणे, हा तसा तोट्याचाच सौदा वाटावा. पण चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये हेच साळुंके राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसले. राम म्हणूनही लोकांनी हात जोडले आणि सीता म्हणूनही. पुढे ते कॅमेऱ्याच्या मागे गेले आणि छायालेखक झाले.

चित्रपट चालला का?

चालला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला. पाऊण तास ते तासाभराचा, हाताने फिरवायच्या यंत्राच्या वेगावर अवलंबून असलेला हा मूकपट. तेवढ्यासाठी लोक पैसे देतील की नाही अशी शंका असावी, कारण त्याच तिकिटात नृत्य आणि पायांची कसरत करणाऱ्या कलावंताचा खेळही ठेवला होता. लोक मात्र हरिश्चंद्रासाठी आले. वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ याच कोरोनेशनमध्ये झळकला होता. मात्र ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रीकरण होते आणि पहिला मान कोणाचा, हा वाद अधूनमधून निघतो.

फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये ते चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहूनच चित्रपट करावेत असा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला. हिंदुस्थानात परतले, तर महायुद्ध सुरू झालेले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतलेला. पुन्हा कर्ज, पुन्हा दागिने. १९१७ च्या ‘लंकादहन’ने मात्र एवढा गल्ला जमवला, की नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात.

स्वप्नातल्या धंद्यात पुन्हा पगार?

रील येथे संपते. आयुष्य संपत नाही.

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झालेले ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ याच काळातले. पैसा आला, तसे वेळापत्रक आणि खर्चाचे प्रश्नही आले. मनासारखे दृश्य मिळेपर्यंत थांबणारा माणूस आणि महिन्याचा ताळेबंद पाहणारे भागीदार यांचे जमेना. छापखान्यात जे झाले तेच येथे झाले. फाळके आपण उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि कुटुंबासह काशीला गेले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते रंगमंचावर आले, पण त्याला यश मिळाले नाही.

१९२२ मध्ये ते नाशिकला, त्याच कंपनीत परतले. या वेळी मालकीचा प्रश्न नव्हता. निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार असे पद होते. चाकरी नको म्हणून सोळा वर्षांपूर्वी राजीनामा दिलेला माणूस आता स्वतः रुजवलेल्या धंद्यात दुसऱ्यांसाठी काम करू लागला होता. चित्रपट निघत होते, पण पूर्वीची धग नव्हती आणि प्रेक्षकांची आवडही पौराणिकाकडून सरकू लागली होती.

फाळकेंनी ‘सेतुबंधन’ हा मूकपट मोठ्या हौसेने हाती घेतला. त्याला विलंब झाला. तोवर १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला. तयार झालेल्या मूकपटाला मागाहून आवाज जोडावा लागला आणि त्यात खर्च वाढला. त्यांचा एकमेव मुळातून बोलपट म्हणजे ‘गंगावतरण’. तो त्यांनी १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या कोल्हापूर सिनेटोनसाठी केला. हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

दोन दशकांत सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट, असा त्यांच्या कामाचा आकडा नेहमी दिला जातो. त्यातले फारच थोडे आज पाहायला मिळते. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला देशातील सर्वोच्च सन्मान दिला जातो आणि गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचेच नाव आहे. ‘गंगावतरण’नंतर ते नाशिकलाच राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हाती पैसा फारसा उरलेला नव्हता. सरस्वतीबाई मागे राहिल्या.